आई एकटी, लेकरू बरोबर : देशाबाहेर निघताना कोणते कागद न्यावेत?

गेल्या काही वर्षांत आमच्या नेवासा तालुक्यातून लुंबिनीला जाणाऱ्या सहली निघू लागल्या आहेत. सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर असे करीत गाडी गोरखपूरला पोहोचते आणि मग सीमा ओलांडून एक-दोन दिवस नेपाळात जाऊन यायचे, असा साधारण बेत असतो. वर्षभर भिशीसारखे पैसे जमवून माणसे निघतात. घरातील दोघांनाही एकाच वेळी सुटी मिळणे कठीण, म्हणून पुष्कळदा आई आणि एखादे लेकरू असे दोघेच येतात. बाप मागे राहतो. यात गैर काहीच नाही, असे आम्हीही समजत होतो.

अशाच एका सहलीत आम्ही होतो. थंडीचे दिवस, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात. आमच्याबरोबरच्या एका भगिनीचे यजमान कारखान्यात कामाला. हंगामात रजा मिळणे शक्य नव्हते. त्यांनीच बायकोला आणि नऊ वर्षांच्या मुलाला गाडीत बसवून दिले, मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. पाच दिवस सर्व ठीक चालले. सीमेवरच्या एका नाक्यावर मात्र गाडी थांबली आणि कागद बघणाऱ्याने या दोघांना बाजूला काढले.

कारण साधे होते. त्या भगिनीचे मतदार कार्ड लग्नाआधीचे, माहेरच्या नावाचे. त्यावर तिच्या वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. मुलाच्या आधार कार्डावर मुलाचे, बापाचे नाव आणि सासरचे आडनाव. दोन्ही कार्डे खरी, पण ही बाई या मुलाची कोण, हे दोन्हींपैकी एकही कार्ड सांगत नव्हते. मुलाला विचारले, "ये कौन है तुम्हारी?" पोरगा गणवेश बघूनच घाबरलेला, तो तोंडच उघडीना. जितके विचारावे तितका तो गप्प. वडिलांना फोन लावला तर ते पाळीवर, फोन कपाटात. शेवटी शेजाऱ्याने कारखान्यावर जाऊन निरोप दिला, यजमान घरी आले, रेशनकार्डाचा आणि जन्मदाखल्याचा फोटो काढून पाठवला, तेव्हा सुटका झाली. यात अडीच तास गेले.

त्या अडीच तासांत गाडीतील एकाने म्हटले, "नवरा बरोबर नसताना निघायचंच कशाला?" ती भगिनी काही बोलली नाही. पण परतीच्या प्रवासात तिने आम्हाला विचारले, "भाऊ, मी काय चोरून आणलं होतं का माझं लेकरू?" हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहोत. आम्ही पडलो कारकून. निम्मे आयुष्य लोकांचे कागद तपासण्यात गेले आणि तरीही सहलीची यादी करताना हा एक कागद आम्हाला सुचला नाही, याची आम्हाला लाज वाटते.

नाक्यावरच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. भारत-नेपाळ सीमा उघडी आहे. तिथून बायका-मुलांची विक्रीसाठी ने-आण होते, हे जुने दुखणे आहे. आपल्या बाजूला २००१ पासून सशस्त्र सीमा बल हा पहारा बघते. पलीकडे १९९३ मध्ये अनुराधा कोइराला यांनी स्थापन केलेल्या 'माइती नेपाल'सारख्या संस्थांच्या कार्यकर्त्या नाक्यांवर उभ्या राहून संशयास्पद जोड्या हेरतात. त्यांच्या एका प्रश्नाने एखादी मुलगी वाचत असेल, तर तो प्रश्न आपल्यालाही विचारला जाणारच. प्रश्नाला उत्तर देणारा कागद आपल्या पिशवीत असला म्हणजे झाले.

आता मुद्द्याकडे येऊ. आधी नेपाळचेच बघू, कारण आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा पहिला परदेश तोच असतो. भारतीय माणसाला नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार कार्ड, दोहोंपैकी एक पुरते. लक्षात ठेवा, मोठ्या माणसाचे आधार कार्ड या कामी धरले जात नाही. येथे पुष्कळजण फसतात, कारण गावात सर्वत्र आधारच चालते. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील वृद्ध यांना मात्र सवलत आहे. वय आणि ओळख पटेल असा फोटोचा कोणताही कागद, त्यात आधारही आले, त्यांना चालतो. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटोचा कागद आणि नाते दाखवणारा पुरावा यांवर सोडता येते. आमच्या त्या भगिनीजवळ नेमका हा शेवटचा पुरावाच नव्हता.

नाते दाखवणारा सर्वांत पक्का कागद म्हणजे मुलाचा जन्मदाखला. त्यावर आई आणि बाप दोघांचीही नावे असतात. आधारवर, शाळेच्या ओळखपत्रावर, बसच्या पासवर आईचे नाव सहसा नसतेच. आपल्याकडे नाव लिहायची रीत अशी की मुलाच्या नावापुढे बाप आणि आडनाव. आई कुठेच नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहायचे. फार वर्षांनी शहाणपण सुचले म्हणायचे. पण आज जी मुले शाळेत आहेत ती सर्व त्याआधीची. त्यांच्यासाठी जन्मदाखला हाच आई आणि लेकराला जोडणारा धागा आहे.

आणि हा धागा आपल्या घरांत पुष्कळदा तुटका असतो. आमच्याकडे लोक दाखले घेऊन येतात तेव्हा त्यांत तीन तऱ्हेच्या चुका वारंवार दिसतात. पहिली, दाखल्यावर मुलाचे नावच नसते. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झाले, नोंद झाली, पण बारसे नंतर झाल्यामुळे नावाची जागा कोरी राहिली. अशी नोंद असेल तर नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येते. पहिल्या वर्षात फी लागत नाही, नंतर विलंब शुल्क लागते. दुसरी चूक आईच्या नावाची. दाखल्यावर 'सुनिताबाई', आधारवर 'सुनीता', मतदार कार्डावर आणखी तिसरेच. पहिले बाळंतपण माहेरी झाले असेल तर कधी कधी आईच्या नावापुढे तिच्या वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव लिहिलेले असते. तिसरी चूक इंग्रजी स्पेलिंगची. एकाच घरात बापाचे आडनाव एका तऱ्हेने आणि मुलाचे दुसऱ्या तऱ्हेने. मराठीत वाचणाऱ्याला ते एकच दिसते, पण परदेशी खिडकीवर बसलेल्या माणसाला ती दोन वेगळी घराणी वाटतात.

या चुका दुरुस्त होतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधकाला पुरावा पाहून नोंदीत दुरुस्ती करता येते. खेड्यात ग्रामपंचायत आणि शहरगावात नगरपंचायत किंवा नगरपालिका, जिथे जन्म झाला तिथलेच कार्यालय. तुम्ही आज राहता तिथले नव्हे. नेवाशात राहणाऱ्या बाईचे बाळंतपण पैठणला माहेरी झाले असेल तर तिला पैठणलाच जावे लागणार. नोंदच झालेली नसेल आणि एक वर्ष उलटून गेले असेल, तर मात्र जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. ते काम महिनोन्महिने चालू शकते. म्हणून सहलीचे पैसे भरण्याआधी दाखला काढून बघावा. जुना, हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला दाखला असेल तर मराठी-इंग्रजी असा नवा काढून घ्यावा. भगिनींनी आपले मतदार कार्डही लग्नानंतरच्या नावाने करून घ्यावे. न करायचे असेल तर नसो, माहेरचे नाव ठेवणे हा कोणत्याही स्त्रीचा हक्क आहे. पण मग लग्नाचे प्रमाणपत्र बरोबर असावे.

जन्मदाखल्याने नाते सिद्ध होते. पण दुसरा प्रश्न उरतो : घरी राहिलेल्या पालकाला हे माहीत आहे काय? त्याचे उत्तर म्हणजे संमतिपत्र. आपल्या देशातून बाहेर पडताना असे पत्र दाखवलेच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा नाही. तरीही विमान कंपनी ते मागू शकते, व्हिसा देणारे मागतात, उतरल्यावर त्या देशाचे अधिकारी मागू शकतात. कारणही समजण्यासारखे आहे. नवरा-बायकोच्या भांडणात एकाने मूल उचलून दुसऱ्या देशात निघून जावे, असे प्रकार जगभर होतात. त्यासाठी १९८० मध्ये हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. २०१६ मध्ये एका विधेयकाचा मसुदा निघाला होता, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे भारतीय मूल एका पालकाबरोबर दिसले की काही देशांत जरा जास्तच चौकशी होते.

संमतिपत्रात काय असावे हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोऱ्या कागदावर 'माझी हरकत नाही' एवढे लिहून सही करतात. ते पुरत नाही. मजकूर साधारण असा असावा : "मी (पूर्ण नाव), राहणार (पत्ता), पासपोर्ट क्रमांक अथवा ओळखपत्र क्रमांक अमुक, असे लिहून देतो की (मुलाचे पूर्ण नाव), जन्मतारीख अमुक, पासपोर्ट क्रमांक अमुक, हा माझा मुलगा असून तो त्याची आई (पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक) हिच्याबरोबर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक देशात सहलीसाठी जात आहे. ते दोघे अमुक ठिकाणी उतरणार आहेत. या प्रवासाला माझी पूर्ण संमती आहे. गरज पडल्यास तेथे मुलावर औषधोपचार करण्याचा निर्णय त्याच्या आईने घ्यावा. माझा फोन क्रमांक अमुक." खाली सही, तारीख, ठिकाण. पत्र इंग्रजीत करावे, खाली मराठीत असले तरी बिघडत नाही. सही घरी करून आणू नये. नोटरीसमोर करावी, नोटरीचा शिक्का घ्यावा आणि सही करणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडावी. तारखा मोघम ठेवू नयेत. आणि जो फोन क्रमांक द्याल तो त्या दिवसांत उचलला जाईल, एवढी व्यवस्था करा. पाळीवर फोन कपाटात राहत असेल तर शेजाऱ्याचा क्रमांकही लिहा. हे आम्ही अनुभवाने सांगतो आहोत.

खर्चाचे म्हणाल, तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात जिथे पूर्वी शंभराचा मुद्रांक लागे तिथे बहुतेक दस्तांना पाचशेचा लागतो. गरिबाला हा भार आहेच. पण याच जागी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पासपोर्टसाठी जी घोषणापत्रे लागतात त्यांना मुद्रांकही लागत नाही, नोटरीही लागत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने २०१६ च्या डिसेंबरात तसे जाहीर केले आहे : सर्व परिशिष्टे साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने. तरीही कचेरीबाहेर बसणारी काही मंडळी आजही त्यासाठी मुद्रांक घ्यायला लावतात. घेऊ नका.

पासपोर्टचा विषय निघालाच आहे तर तोही नीट बघू. नेपाळपुरते त्याच्यावाचून भागते. श्रीलंकेतील अनुराधापूरला जायचे असो, थायलंडला जायचे असो किंवा आखातात नोकरीला असलेल्या नवऱ्याकडे जायचे असो, पासपोर्ट हवाच. पूर्वी लहान मुलाचे नाव आईच्या किंवा बापाच्या पासपोर्टावर चढवीत. आता तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. मुलाच्या पासपोर्टाची मुदत पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. फी १,००० रुपये. आठ वर्षांखालील मुलांना त्यात दहा टक्के सवलत. नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतो. २०१७ पासून देशात मोठ्या पोस्टांतूनही पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली आहेत. अर्ज आधी संगणकावर भरायचा, फी भरून वेळ घ्यायची आणि मुलाला घेऊन जायचे. मूल चार वर्षांखालचे असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो न्यावा. मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात.

दोन्ही पालकांची संमती असेल तर 'अ‍ॅनेक्शर डी' नावाचे घोषणापत्र दोघांच्या सहीने द्यायचे. एकाची संमती मिळत नसेल तर 'अ‍ॅनेक्शर सी' आहे. हे 'सी' नीट ध्यानात ठेवा, भगिनींनो, कारण याची माहिती नसल्यामुळे कित्येक आया 'नवऱ्याची सही नाही म्हणजे पासपोर्ट नाही' असे समजून घरी बसतात. संमती का मिळू शकत नाही हे त्यात खरे खरे लिहायचे आणि मुलाचा ताबा आपल्याकडे असल्याचे जाहीर करून एकट्या पालकाने सही करायची. शिवाय २०१६ च्या त्याच बदलानुसार अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचे नाव दिले तरी चालते. घटस्फोटित किंवा विभक्त असलेल्या अर्जदाराला जोडीदाराचे नाव देण्याची सक्ती नाही. लग्नाचे प्रमाणपत्रही मागत नाहीत.

नियम असा असला तरी अडवणूक होत नाही असे नव्हे. पुण्याच्याच पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीतले एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. सतरा वर्षांची मुलगी, दहावीला उत्तम गुण, जपानच्या अभ्यास दौऱ्यासाठी तिची निवड झालेली. आई-वडिलांचा न्यायालयात वाद चालू आणि वडील पासपोर्टला संमती देईनात. आईने 'अ‍ॅनेक्शर सी' भरून दिले होते, तरी पासपोर्ट मिळेना. ८ जानेवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने दोन आठवड्यांत पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. परदेश प्रवासाचा अधिकार हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या अधिकारातच येतो. आई-बापाच्या भांडणात बाप संमती देत नाही एवढ्यावरून मुलीची संधी हिरावून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. खिडकीवर कोणी 'बापाची सही आणा' म्हणून परत पाठवले तर या निकालाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर मागावे. तोंडी नकारावर परत येऊ नये. आम्ही कारकून आहोत म्हणून सांगतो, लेखी मागितले की माणूस नियम वाचायला घेतो.

या विषयाच्या मुळाशी एक कायदा आहे. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम ६ मध्ये मुलाचा नैसर्गिक पालक बाप 'आणि त्याच्यानंतर' आई, असे शब्द आहेत. ज्या हिंदू संहिता विधेयकासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचेच तुकडे करून पुढे जे कायदे झाले त्यांतला हा एक. या दोन शब्दांवर बोट ठेवून चाळीस वर्षे आईला दुय्यम ठरवले गेले. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली. नवऱ्याची त्याला संमती होती, दोघे एकत्र राहत होते, तरी बापाची सही आणा असे सांगण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की 'त्याच्यानंतर' याचा अर्थ त्याच्या मृत्यूनंतर असा नव्हे, तर त्याच्या गैरहजेरीत असा घ्यायचा. बाप दूर असेल, लक्ष देत नसेल, किंवा दोघांनी तसे ठरवले असेल, तर आई त्याच्या हयातीतही नैसर्गिक पालक आहे. पुढे २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने अविवाहित आईला मुलाचे पालकत्व मिळवण्यासाठी बापाला नोटीस देण्याची गरज नाही, असेही ठरवले.

म्हणजे कायदा आईच्या बाजूने आहे. पण नाक्यावर निकालपत्र कोणी वाचत बसत नाही. तिथे कागदच बघतात. म्हणून ज्याची त्याची परिस्थिती बघून कागद जमवावेत. पती हयात नसेल तर त्याचा मृत्यूचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला, एवढ्यावर काम होते. न्यायालयातून घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घ्यावी आणि मुलाचा ताबा कोणाकडे हे त्यात स्पष्ट आहे ना, ते वकिलाकडून वाचून घ्यावे. ताब्याचा खटला चालू असेल, किंवा मुलाला देशाबाहेर नेऊ नये असा आदेश असेल, तर न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये. तिथे 'अ‍ॅनेक्शर सी' कामाला येत नाही, उलट अंगाशी येते.

सर्वांत बिकट परिस्थिती आपल्या वस्त्यांतील ज्या भगिनींना नवऱ्याने टाकले आहे त्यांची. ना घटस्फोट, ना नांदणे. आपल्याच जिल्ह्यात, संगमनेरला, १९८८ च्या मार्चमध्ये समता आंदोलनाच्या अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली होती. तेव्हा या बायकांचा प्रश्न लोकांपुढे आला. कागदोपत्री त्या विवाहित, प्रत्यक्षात एकट्या. काहींकडे मुद्रांकावर लिहिलेली फारकत असते. चार पंचांच्या सह्या, 'मूल आईकडे राहील' असा मजकूर. अशा कागदाला व्हिसाच्या खिडकीवर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची किंमत नसते. तो जपून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. पासपोर्टाच्या अर्जात 'विभक्त' असा पर्याय आहे; तो भरावा आणि 'अ‍ॅनेक्शर सी' जोडावे. काही दलाल अशा बाईला 'नवरा मयत लिहा, लवकर होईल' असे सुचवतात. असे कदापि करू नये. पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खोटी माहिती देण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दलाल त्या वेळी फोन उचलणार नाही.

देशोदेशींचे नियम वेगळे आहेत आणि बदलतही असतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाकडून खात्री करावी. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा मुलासाठी मागताना घरी राहणाऱ्या पालकाची नोटरी केलेली संमती बहुधा मागतातच. कॅनडा सरकार असे पत्र बरोबर ठेवण्याचा सल्ला देते. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून आई-बाप दोघांची नावे असलेला जन्मदाखला सक्तीचा केला होता. विमानतळांवर पुष्कळ कुटुंबे अडकली आणि अखेर २०१९ मध्ये परदेशी मुलांसाठी ही सक्ती सैल करावी लागली. काही देश कागदावर 'अपोस्टील' हा शिक्का मागतात. तो परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतो, पण त्याआधी राज्य शासनाकडून कागद साक्षांकित करून घ्यावा लागतो, तेव्हा त्यासाठी दिवस हाताशी ठेवावेत. नवरा परदेशातच असेल तर त्याने तेथील भारतीय दूतावासात जाऊन संमतिपत्रावर शिक्का घ्यावा व मूळ कागद पाठवावा.

पुरुष वाचकांना एक सांगायचे राहिले. हे सारे आईपुरते नाही. बाप एकटा मुलीला घेऊन निघाला तर त्याच्याकडेही आईचे संमतिपत्र हवे आणि खरे सांगायचे तर त्याची चौकशी अधिकच कडक होते. पण आमच्याकडे सहलीला नाव नोंदवायला आलेल्या एकाही बापाने आजवर 'बायकोची संमती लिहून आणू का?' असे विचारलेले नाही. आजी-आजोबा नातवंडाला नेणार असतील तर आई-बाप दोघांच्याही सह्यांचे पत्र घ्यावे.

मूळ कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत अंगाजवळ ठेवावेत, सामानाच्या बॅगेत नव्हे. झेरॉक्सचा एक संच वेगळ्या पिशवीत, एक सहलीच्या प्रमुखाकडे आणि प्रत्येक कागदाचा फोटो फोनमध्ये. मुलालाही आदल्या रात्री समजावून सांगा की कोणी विचारले तर घाबरायचे नाही. आईचे पूर्ण नाव, बाबांचे पूर्ण नाव आणि गावाचे नाव सांगायचे.

ती भगिनी पुन्हा निघाली आहे. या वेळी मुलाला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला घेऊन, श्रीलंकेला. यजमानांचा हंगाम असणारच, ते येणार नाहीत. मागच्या आठवड्यात दोघे नवराबायको आमच्याकडे संमतिपत्राचा मजकूर तपासून घ्यायला आले होते. मुलीच्या दाखल्यावर आईच्या नावात एक अक्षर कमी निघाले, म्हणून आधी ते दुरुस्त करायला पाठवले आहे. मुलाला मात्र आता सर्व पाठ आहे. आम्ही विचारले, "ही तुझी कोण?" तर त्याने आईचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असे एका दमात सांगितले आणि वर पिनकोडही सांगितला.